दर चौथ्या-पाचव्या दिवशी मरणारी व्हीएम : क्यूईएमयूच्या व्हीएनसीतली मेमरी गळती (सीव्हीई-२०१९-२०३८२)

घाईत असाल तर आधी एवढंच वाचा. (व्हीएम म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारं आभासी कॉम्प्युटर. ती ज्या खऱ्या मशीनवर चालते तो होस्ट, तिच्या आतली सिस्टिम तो गेस्ट, आणि ती चालवणारं सॉफ्टवेअर केव्हीएम-क्यूईएमयू. व्हीएनसी म्हणजे तिचा पडदा दूरून पाहायची सोय, आणि सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा त्रुटीला मिळणारा क्रमांक.) केव्हीएम-क्यूईएमयूच्या होस्टवर एखाद्या व्हीएमची प्रोसेस तिला दिलेल्या रॅमपेक्षा बरीच जास्त मेमरी खातेय, रोज साधारण सारख्याच मापाने फुगतेय, आणि त्या व्हीएमच्या व्हीएनसी कन्सोलला कुणीतरी (माणूस किंवा स्क्रिप्ट) सारखं जोडतंय-तोडतंय, असं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. क्यूईएमयूचं दुरुस्त पॅकेज टाका आणि मग व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. आतून रीबूट केलेली चालत नाही. बहुतेकांचं घोडं या दुसऱ्या भागातच अडतं, आमचंही अडलं होतं.

आता सविस्तर.

काय होत होतं

मे २०२०. ऑफिस बंद, सर्व्हर रूमला कुलूप, सगळे घरून काम करत होतो. आमचा एकच भरभक्कम होस्ट होता: ६४ जीबी रॅम, डेबियन १०, क्यूईएमयू ३.१, आणि लिबव्हर्ट या व्हीएम सांभाळणाऱ्या साधनाखाली सहा व्हीएम. डेटाबेसच्या व्हीएमला १६ जीबी, बाकी पाचांना प्रत्येकी ६. म्हणजे ४६ जीबी वाटून झालेली, उरलेली होस्टच्या स्वतःच्या खर्चाला. कागदावर हिशेब ऐसपैस.

तरी दर चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी फोन यायचा, "मॅडम, डेटाबेस परत गेला." होस्टच्या कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये प्रत्येक वेळी तीच ओळ: मेमरी संपली, अमुक प्रोसेस मारली. मारलेल्या प्रोसेसचं नाव क्यूईएमयू-सिस्टिम-एक्स८६. (कर्नल प्रोसेसचं नाव पंधरा अक्षरांवर तोडतो, म्हणून शेवटचं ६४ गळून पडतं. आमच्या एका नवीन मुलाला वाटलं की कुठलीतरी जुनी ३२ बिटची व्हीएम चोरून चालू आहे. त्या शोधात अर्धा दिवस गेला.) लिबव्हर्टला विचारलं की ते सांगायचं, व्हीएम बंद आहे, कारण: क्रॅश.

आमचा उपाय सरळ होता. होस्टच रीबूट करायचा. पुढचे चार दिवस शांतता.

मेलेल्याचीच चौकशी

पहिला आठवडा आम्ही डेटाबेसच्या मागे घालवला. बफर कमी केले, जोडण्यांची मर्यादा घटवली, रात्रीचं बॅकअप दुसऱ्या वेळेला हलवलं. कशाचाही उपयोग झाला नाही, आणि होणारही नव्हता. मेमरी संपली की कर्नल कुणाला मारायचं ते गुणांवर ठरवतो, आणि त्या गुणांत सगळ्यात जास्त वजन असतं आकाराला. सगळ्यात मोठी प्रोसेस डेटाबेसच्या व्हीएमची, म्हणून दर वेळी बळी तिचाच. चोर सोडून संन्याशाला फाशी.

खरं तर थोडा विचार केला असता तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. गेस्टच्या आत डेटाबेसने काहीही केलं तरी त्याला दिसतात त्या १६ जीबीच. आतली मेमरी संपली तर आतला कर्नल आतलीच प्रोसेस मारेल. होस्टची मेमरी संपतेय याचा अर्थ खर्च गेस्टच्या रॅमबाहेर, खुद्द क्यूईएमयूच्या प्रोसेसमध्ये किंवा होस्टच्या दुसऱ्या एखाद्या प्रोसेसमध्ये होतोय.

सुगावा लागला तो आळशीपणातून. एका रात्री होस्ट रीबूट न करता मी फक्त डेटाबेसची व्हीएम पुन्हा चालू केली आणि झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारीच ती परत मेली. चार दिवसांचं चक्र एका दिवसावर आलं. म्हणजे फुगलेलं जे काही होतं ते डेटाबेसबरोबर मेलं नव्हतं, उरलेल्या पाचांपैकी कुणाच्या तरी पोटात तसंच होतं.

मोजायचं कसं

लिबव्हर्टची डोममेमस्टॅट ही आज्ञा प्रत्येक व्हीएमसाठी बरेच आकडे देते, त्यातले दोनच आपल्या कामाचे. 'ॲक्च्युअल' म्हणजे व्हीएमला दिलेली रॅम. 'आरएसएस' म्हणजे तिच्या क्यूईएमयू प्रोसेसने होस्टवर खरोखर अडवलेली मेमरी. दुसऱ्यातून पहिला वजा करा.

इथे एक फसगत हमखास होते. व्हीएम सुरू केल्यावर आरएसएस कमी असतो आणि मग तासन्‌तास, कधी दिवसभर वाढत जातो. ती गळती नव्हे. गेस्ट मेमरीच्या एखाद्या पानाला (छोट्या तुकड्याला) पहिल्यांदा हात लावतो तेव्हाच होस्ट ते पान खरोखर देतो, त्यामुळे ६ जीबीची व्हीएम सुरुवातीला दीड जीबीवर दिसते आणि हळूहळू सहापर्यंत चढते. तोपर्यंतची वाढ निरोगी. सहा ओलांडल्यावरही काहीशे एमबी जास्त दिसणं ठीक आहे: व्हिडिओ मेमरी, नक्कल केलेली उपकरणं, डिस्कचं काम करणारे थ्रेड (प्रोसेसच्या आत समांतर चालणारी कामं), सगळ्यांना जागा लागतेच. संशय घ्यायचा तो सहा ओलांडून, सात ओलांडून, रेषा मारल्यासारखी सरळ चढण दिसली तर. मेमरीचे तुकडे-तुकडे झाल्यानेही प्रोसेस फुगते, पण ती फुगवटी काही काळाने सपाट होते. गळती सपाट होत नाही.

आमच्या बाकीच्या पाचही व्हीएम चौथ्या दिवसापर्यंत आठ जीबीच्या आसपास गेलेल्या होत्या. डेटाबेसची मात्र सोळा आणि चिमूटभर वर. निर्दोष.

पुढची पायरी पीमॅप. क्यूईएमयू प्रोसेसच्या मेमरीचा नकाशा काढला की गेस्टची रॅम एका मोठ्या सलग तुकड्यात दिसते, आमच्याकडे बरोबर ६ जीबीचा. तो बाजूला ठेवा. उरलेल्यात प्रोसेसचा हीप (चालताना मागून घेतलेली मेमरी) आणि जीलिबसीने (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीने) थ्रेडसाठी बाजूला काढलेले ६४ एमबीचे पट्टे असतात. सकाळी एक नकाशा, संध्याकाळी एक, दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. गेस्टचा तुकडा तसाच, ६४ एमबीचे पट्टे मात्र वाढलेले. म्हणजे मेमरी क्यूईएमयूचाच कुठलातरी थ्रेड मागतोय आणि परत करत नाहीये.

एक मोठी चूक आणि एक टीव्ही

कुठला थ्रेड, हे शोधण्याआधी मी अंदाजाने एक गोष्ट बंद केली. आमची देखरेख यंत्रणा दर मिनिटाला सगळ्या व्हीएमची पोर्टं तपासायची, त्यात व्हीएनसीची ५९०० च्या पुढचीही होती. म्हटलं, सापडला. तपासणी बंद करून दोन दिवस थांबले. चढण तशीच.

कारण नंतर कळलं. नुसतं पोर्ट उघडं आहे का हे बघणारी तपासणी जोडते आणि लगेच सोडते. व्हीएनसीचा नमस्कार-चमत्कारही पूर्ण होत नाही, मग पडद्याचं चित्र पाठवणं दूरच. चित्र पाठवायची वेळच आली नाही, तर ते दाबून लहान करायचीही येत नाही, आणि गळतं ते दाबण्याच्या कामात.

मग होस्टवर बीसीसी या लिनक्सच्या तपास-साधनांच्या संचातलं मेमलीक हे साधन चालवलं. ते प्रोसेसच्या मेमरी-मागण्या बाहेरून टिपतं आणि ठरावीक वेळाने सांगतं की कुठल्या फंक्शनने मागितलेली मेमरी अजून परत आलेली नाही. डीबग चिन्हांचं पॅकेज टाकलेलं असेल तर नावं वाचता येतात, नाहीतर नुसते आकडे. चालू प्रोसेस थोडी मंदावते, म्हणून पाचातली सगळ्यात कमी महत्त्वाची व्हीएम निवडली आणि पंधरा मिनिटं ठेवलं. यादीच्या टोकाला उभं होतं ते असं: व्हीएनसीचा कामगार थ्रेड, त्याच्या खाली झेडआरएलई-कॉम्प्रेस-डेटा, आणि त्याच्या खाली झेडलिबचं डिफ्लेट-इनिट-२. (झेडआरएलई ही व्हीएनसीची चित्र दाबून पाठवायची एक पद्धत, झेडलिब ही दाबण्याचं काम करणारी लायब्ररी.)

म्हणजे कुणीतरी खरोखरच व्हीएनसीने जोडून चित्र घेतंय. पण कोण? ऑफिस तर बंद!

होस्टच्या जोडण्यांची यादी पाहिली तेव्हा ऑफिसच्याच नेटवर्कमधला एक पत्ता दर मिनिटाला पाच पोर्टांवर येऊन जाताना दिसला. ते होतं बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवरच्या टीव्हीमागचं छोटं कॉम्प्युटर. वर्षभरापूर्वी एका इंटर्नने साहेबांना आवडेल म्हणून एक पान केलं होतं: पाच व्हीएमच्या पडद्यांची छोटी चित्रं, दर मिनिटाला ताजी. डेटाबेसच्या व्हीएमला पडदाच नव्हता म्हणून ती त्यातून सुटली. तो मुलगा कधीच सोडून गेला, आणि कुलूपबंद ऑफिसात, कुणीही न पाहणाऱ्या टीव्हीवर, ती चित्रं दोन महिने दर मिनिटाला ताजी होत होती. पूर्वी हेच कसं जाणवलं नव्हतं? पूर्वी दर शुक्रवारी संध्याकाळी होस्टसकट सगळं बंद करून सोमवारी चालू करायचो. गळतीचं भांडं भरायच्या आतच दर आठवड्याला रिकामं होत होतं. घरून काम सुरू झाल्यावर शुक्रवारचं बंद करणं थांबलं.

हिशेब करून पाहा. क्यूईएमयू झेडआरएलईसाठी झेडलिबला सगळ्यात मोठी खिडकी आणि सगळ्यात वरची मेमरी पातळी मागतो. झेडलिबच्या सूत्राने त्याला १२८ केबी अधिक २५६ केबी, म्हणजे ३८४ केबी लागतात. दिवसाची मिनिटं १४४०. एका व्हीएमला रोज ५४० एमबी. पाच व्हीएमना २.६ जीबीच्या वर. आमच्याकडे शिल्लक होती अकरा-बारा जीबी. सव्वाचार दिवस. आकडा इतका चपखल बसला की मी जागेवर उठून उभी राहिले.

खात्रीसाठी चाचणीच्या मशीनवर एक व्हीएम उभी केली आणि तिला हजार वेळा जोडून, एक पूर्ण चित्र घेऊन, तोडलं. एकदा झेडआरएलईने, एकदा न दाबता कच्च्या स्वरूपात. झेडआरएलईला पावणेचारशे एमबीच्या आसपास वाढ, कच्च्याला सुरुवातीचा थोडा उठाव आणि मग काहीच नाही. तुम्हाला संशय असेल तर हीच चाचणी करा, दहा मिनिटांत निकाल लागतो.

कोडमध्ये नेमकं काय बिघडलं होतं

मेमरी गळती म्हटलं की आपण मोकळं करायची विसरलेली ओळ शोधतो. इथे ती ओळ होती. जागेवर होती, वेळेवर चालत होती, आणि तरीही काही मोकळं होत नव्हतं. म्हणूनच या चुकीवर चार ओळी जास्त लिहितेय.

व्हीएनसीने कुणी जोडलं की क्यूईएमयू त्या जोडणीची सगळी माहिती व्हीएनसी-स्टेट नावाच्या रचनेत ठेवतो. चित्र दाबायचं काम जड, म्हणून ते वेगळ्या कामगार थ्रेडकडे जातं, आणि तो थ्रेड स्वतःची एक स्थानिक व्हीएनसी-स्टेट वापरतो. काम सुरू करताना मूळ रचनेतला मजकूर स्थानिक रचनेत उतरवायचा, काम संपलं की परत मूळ रचनेत. झेडलिबचा दाबण्याचा प्रवाहही या उतरवाउतरवीत इकडून तिकडे जातो, कारण तो रचनेच्या पोटातच ठेवलेला होता.

झेडलिब पहिल्यांदा मेमरी घेताना स्वतःच्या नोंदीत लिहून ठेवतं, "हा प्रवाह अमुक पत्त्यावरचा." तो पत्ता पडतो स्थानिक रचनेचा. जोडणी तुटल्यावर क्यूईएमयू डिफ्लेट-एंडला सांगतो, मोकळं कर. पण सांगताना देतो मूळ रचनेतला प्रवाह. झेडलिब नोंद उघडतं, पत्ता ताडून पाहतं, जुळत नाही, आणि अर्ज परत करतं. रहिवासाचा पुरावा जुना आहे म्हणून तहसील कचेरीतून कागद परत यावेत तसं. झेडलिबचं काही चुकलं नाही. भलत्याच पत्त्यावरची मेमरी मोकळी करण्यापेक्षा नकार देणं केव्हाही बरं. ते रीतसर त्रुटीचा कोड परत देतं. तो कोड क्यूईएमयूमध्ये कुणी वाचत नव्हतं, बस.

मग दाबण्याचं काम तरी कसं होत होतं? कामगार थ्रेडची स्थानिक रचना दर वेळी त्याच जागी उभी राहते, त्यामुळे तिथे पत्ता जुळतो. चित्रं व्यवस्थित जातात, लॉगमध्ये अवाक्षर नाही, वापरणाऱ्याला काही जाणवत नाही. निरोप घेतानाच फक्त खोट निघते.

दुरुस्ती ऑगस्ट २०१९ मध्ये पाठवली ली च्यांग यांनी. क्यूईएमयूमधल्या अशा गळत्या हुडकून काढण्यात त्यांचं नाव बऱ्याच ठिकाणी सापडतं. त्यांनी प्रवाह रचनेच्या पोटातून काढून बाहेर ठेवला आणि रचनेत फक्त त्याच्याकडे बोट दाखवणारा पॉइंटर ठेवला. आता रचना कितीही वेळा उतरवली तरी प्रवाह एकाच पत्त्यावर राहतो. त्याच दुरुस्तीत टाइट या चित्र दाबण्याच्या दुसऱ्या पद्धतीची (एन्कोडिंगची) रचनाही तशीच पॉइंटर केली आहे, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: सीव्हीईच्या वर्णनात नाव फक्त झेडआरएलईचं येतं, त्यामुळे आपण टाइट वापरतो म्हणजे सुटलो असं समजू नका. टाइट तर एका जोडणीत चारपर्यंत प्रवाह उघडू शकतं.

याला सुरक्षा त्रुटी का म्हणायचं?

टीममधल्या एका पोराने हाच प्रश्न विचारला, "मॅडम, हा बग आहे, व्हल्नरेबिलिटी कुठे आहे? कुणी काही चोरलं नाही." रास्त शंका. 'मेमरी लीक' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि गोंधळ होतो. एकात मेमरीतला मजकूर बाहेर जातो. २०१५ ची आरटीएल८१३९ नेटवर्क कार्डाची सीव्हीई-२०१५-५१६५ तशी होती, तिच्यात क्यूईएमयूच्या हीपमधला मजकूर बाहेरच्याला वाचता येत होता. दुसऱ्यात बाहेर काहीच जात नाही, घेतलेली मेमरी अडकून बसते. लग्नात भाड्याने आणलेली भांडी परतच न गेल्यासारखं. आपली गळती दुसऱ्या जातीची.

पण अडकण्याचा वेग कुणाच्या हातात आहे ते पाहा. ज्याला एका व्हीएमच्या व्हीएनसी कन्सोलचा पासवर्ड माहीत आहे, तो मिनिटाला एकदा जोडायच्या ऐवजी सेकंदाला दहादा जोडू शकतो. मग चार दिवस लागत नाहीत. आणि मरते ती त्याची व्हीएम नव्हे, होस्टवरची सगळ्यात मोठी, म्हणजे बहुधा शेजाऱ्याची. एका भाडेकरूने दुसऱ्याचा दिवा विझवायचा, ही सुरक्षेचीच गोष्ट आहे. तीव्रतेच्या तक्त्यात ही खालच्या पायरीवर असते कारण आधी कन्सोलपर्यंत पोचावं लागतं. ज्यांचा कन्सोल सगळ्या जगाला उघडा आहे त्यांनी तक्त्यावर विसंबू नये.

काय करायचं

सगळ्यात आधी रक्तस्राव थांबवा. कोण जोडतंय ते शोधून बंद करा. नुसत्या चित्रांसाठी व्हीएनसी लागतच नाही. लिबव्हर्टची स्क्रीनशॉट ही आज्ञा पडद्याचं चित्र क्यूईएमयूच्या मॉनिटरमार्फत (क्यूईएमयूला आज्ञा द्यायच्या वाटेने) घेते, व्हीएनसीच्या वाटेला जात नाही. आमची टीव्हीची स्क्रिप्ट आता तीच वापरते.

व्हीएनसी १२७.०.०.१ वर बांधा, म्हणजे ती फक्त त्याच मशीनवरून दिसेल. लिबव्हर्टचं मूळ सेटिंग तेच असतं, पण कुणीतरी कधीतरी सोयीसाठी ०.०.०.० (कुठूनही जोडता येईल असं) केलेलं आढळतं. दूरून यायचं असेल तर एसएसएचच्या (सुरक्षित दूर-लॉगिनच्या) बोगद्यातून या. व्हीएनसीच्या साध्या पासवर्डवर फार भरवसा ठेवू नका, त्यातली पहिली आठच अक्षरं मोजली जातात.

मग पॅकेज. मूळ प्रकल्पात दुरुस्ती ४.२.० मध्ये आली, डिसेंबर २०१९ मध्ये. पण लिनक्सची वितरणं (डेबियन, रेड हॅट वगैरे) जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती मागे नेऊन बसवतात, म्हणून आवृत्तीचा आकडा पाहून निर्णय घेऊ नका. डेबियन १० चं क्यूईएमयू ३.१ च राहिलं आणि एप्रिल २०२० च्या सुरक्षा अद्ययावतात त्यात ही दुरुस्ती आली. म्हणजे आम्ही मे महिन्यात कपाळ बडवत होतो तेव्हा औषध आधीच दुकानात आलेलं होतं, आम्हीच अद्ययावत लांबणीवर टाकलं होतं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ मधलं क्यूईएमयू तर १.५.३, आणि तिथेही दुरुस्ती त्याच वर्षी आली. उलट मूळ कोडवरून स्वतः बांधलेलं ४.१.० आकड्याने मोठं असूनही गळकं. खात्री करायची ती पॅकेजच्या बदल-नोंदीत सीव्हीईचा क्रमांक शोधून. आरपीएमला चेंजलॉग विचारा, डेबियन-उबंटूवर एपीटीला विचारा. क्रमांक सापडला तर आहे, नाही तर नाही.

पॅकेज टाकलं तरी गळतंय?

इथे आम्ही आणखी चार दिवस घालवले. पॅकेज टाकलं, पाचही व्हीएममध्ये शिरून रीबूट दिला, टीव्हीची जुनी स्क्रिप्ट मुद्दाम चालू ठेवली. चढण तशीच. मला वाटलं दुरुस्तीच खोटी.

गेस्ट आतून रीबूट झाला तरी होस्टवरची क्यूईएमयू प्रोसेस तीच राहते. तिने सुरू होताना जी फाइल मेमरीत घेतली ती जुनी, डिस्कवरची फाइल बदलली तरी तिला त्याचं सोयरसुतक नाही. तपासायला प्रॉक या फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली 'एक्सई' हा दुवा बघा. पुढे 'डिलीटेड' लिहिलेलं दिसलं तर जुनीच प्रोसेस चालू आहे. व्हीएम पूर्ण बंद करा, लिबव्हर्टमध्ये ती बंद दिसू द्या, मग चालू करा.

बंद करणं परवडणारं नसेल आणि दुसरा होस्ट असेल, तर त्याच्यावर नवीन पॅकेज टाकून व्हीएम चालू अवस्थेतच तिकडे हलवा. तिकडे प्रोसेस नवी जन्मते, नव्या कोडने, आणि साचलेली मेमरी जुन्या होस्टवरच मागे राहते. एका दगडात दोन पक्षी. होस्ट एकच असेल तर मात्र बंद-चालूला पर्याय नाही.

काही जण सुचवतात की लिबव्हर्टमध्ये व्हीएमला मेमरीची कमाल मर्यादा लावा, म्हणजे गळकी व्हीएम स्वतःच मरेल आणि शेजारी वाचतील. हा सल्ला मी पाळत नाही. क्यूईएमयूला गेस्टच्या रॅमपलीकडे किती लागेल हे नेमकं सांगता येत नाही, आणि मर्यादा थोडी कमी पडली तर धडधाकट व्हीएम मरते. लिबव्हर्टचे दस्तऐवजही क्यूईएमयू वापरणाऱ्यांना ती मर्यादा लावू नका असंच सांगतात. त्यापेक्षा आरएसएस वजा ॲक्च्युअल दर तासाला लिहून ठेवणारी चार ओळींची स्क्रिप्ट आणि फरक एक जीबीच्या वर गेला की निरोप, हे आमच्याकडे पुरतं.

व्हीएनसी नाहीच, तरी फुगतंय?

मग जुन्या गळत्यांकडे वळा. २०१६-१७ च्या सुमारास क्यूईएमयूमध्ये यांची रांगच लागली होती. बऱ्याचशा उपकरण चालू व्हीएममधून काढताना होणाऱ्या: एक्सएचसीआय यूएसबीची सीव्हीई-२०१६-७४६६, ईएचसीआयची सीव्हीई-२०१७-९३७४, सीरियल पोर्टची सीव्हीई-२०१७-५५७९, एसी९७ आणि ईएस१३७० ध्वनी कार्डांच्या सीव्हीई-२०१७-५५२५ आणि ५५२६. सगळ्यांचा साचा एक: उपकरण लावताना घेतलेली मेमरी काढताना पूर्ण परत जात नाही. रात्रीच्या बॅकअपसाठी यूएसबी डिस्क लावून काढणारी स्क्रिप्ट असेल तर तिच्यापासून सुरुवात करा.

होस्टचा फोल्डर गेस्टला ९पी या फाइल-वाटणीच्या पद्धतीने दिला असेल तर त्या भागातही अशा अनेक होत्या. सीव्हीई-२०१६-९१०२ मध्ये एकाच फाइल-क्रमांकावर पुन्हा पुन्हा गुणधर्म तयार करायची मागणी केली की आधीची मेमरी अनाथ व्हायची. आणि सीव्हीई-२०१७-८३७९ तर साध्या कीबोर्डची: गेस्टमधून कीबोर्डच्या घटनांचा भडिमार केला की होस्टची मेमरी खर्च.

या जुन्या गळत्यांत आणि आमच्यातल्या गळतीत एक फरक शोध घेताना उपयोगी पडतो. त्या गेस्टच्या आतून, तिथल्या ॲडमिन अधिकाराने घडवता येतात, म्हणून संशयित आत शोधायचा. व्हीएनसीची बाहेरून घडते. गेस्ट झोपलेला असला तरी, त्यात कुणी लॉगिन नसलं तरी, आरएसएस चढतोय, असं दिसलं तर आधी कन्सोलच्या पोर्टवर कोण येतंय ते बघा.